पाण्याचं इंजेक्शन

कन्नडहून परत येत होते. माहेरी भाचीचा साखरपुडा होता, आदल्या दिवशी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी जेवणखाण न आटोपताच निघाले, कारण हल्ली एक दिवस बाहेर काढायचा म्हटलं तरी मला चैन पडत नसे. एसटीनं वेरूळ सोडलं आणि फोन वाजला. नाझनीनचा होता, बाजींच्या भावाच्या मुलीचा. "खाला, फुफ्फी गुजर गए..." एवढंच ती बोलली. अशा वेळी माणूस काय विचारतं? कधी, कसं, शेवटचं काही बोलल्या का... काहीतरी माणसासारखं विचारतं. मी विचारलं, "सकाळची गोळी दिली होतीस का?" शेजारी बसलेल्या बाईनं वळून माझ्याकडं बघितलं. नाझनीन म्हणाली, "हौ खाला, आठ बजे दी थी. दर्द में नहीं गए वो." ते ऐकलं आणि मग मला रडू आलं, ते खुलताबाद येईपर्यंत थांबलं नाही.

मय्यत खुलताबादलाच आणणार होते, बाजींचं मूळ गाव ते. त्यामुळं मी तिथंच उतरले. शहरातून गाडी यायला अजून दीड तास होता, मग स्टँडसमोर सीताफळं घेऊन बसलेल्या बायकांच्या शेजारी मी एका दगडावर बसून राहिले. नोकरीच्या साऱ्या वर्षांत मी कधी त्यांच्याआधी ड्यूटीवर पोचले नाही. मी धापा टाकत वॉर्डात शिरायची आणि बाजी काही न बोलता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायच्या. त्या दिवशी मात्र मी आधी हजर होते आणि त्या यायच्या होत्या. त्यांच्या भावाच्या घरात बायकांच्या गर्दीतून मला पुढं नेऊन चेहरा दाखवला. दोन भुवयांच्या मधली उभी आठी नव्हती. वीस वर्षं ती आठी तिथं होती, झोपेतही असायची, आणि आता कपाळ एखाद्या मुलीसारखं सपाट दिसत होतं. मी बराच वेळ तिथंच बघत राहिले, शेवटी कुणीतरी मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

रझिया शेख हे त्यांचं नाव. पेशंटांसाठी शेख सिस्टर, माझ्यासाठी बाजी. आमचं रुग्णालय एका ट्रस्टचं होतं, ते आता बंद पडलंय, त्याचं नाव लिहून काही साधायचं नाही. तिथं हाडांच्या वॉर्डाच्या त्या इनचार्ज होत्या आणि मी कन्नडहून आलेली एकोणीस वर्षांची नवखी पोर, युनिफॉर्म अंगावर मागून आणल्यासारखा दिसायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुई धरताना बघितलं. "अगं ए, लाटणं धरलंस का? पोळ्या नाही करायच्या आपल्याला. पेन धरतेस ना, तशी धर." मी घाबरून म्हटलं, "धरतेच हाय की." बाजींनी तशीच मान वाकडी करून "धरतेच हाय की!" अशी माझी नक्कल केली आणि ट्रॅक्शनला पाय टांगलेले पेशंटसुद्धा हसले. पुढं वर्षभर माझं तेच नाव होतं. पण त्या एका वर्षात त्यांनी मला काय नाही शिकवलं! मोडक्या कमरेच्या माणसाची चादर त्याला न दुखवता कशी बदलायची, प्लास्टरच्या आत खाज सुटली तर काय करायचं, मुलाला गमावलेल्या बाईला औषध घ्यायला कसं लावायचं. ताठ कण्याची, पटापट चालणारी, कडक इस्त्रीची बाई. त्यांच्या हातचं इंजेक्शन कळत नाही असं पेशंट म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. वॉर्डात तिला आम्ही डीडब्ल्यू म्हणायचो, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. इंजेक्शनची पूड विरघळवायला लागणारं शुद्ध पाणी, ते काचेच्या छोट्या कुप्यांमधून येतं. पण त्याचा एक उपयोग पुस्तकात नव्हता. एखादा पेशंट फारच आरडाओरडा करायला लागला, दुखण्याचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा मागायला लागला, आणि त्यातून तो पिणारा किंवा गांजा ओढणारा असला, तर सिस्टर लोक एकमेकींकडं बघायच्या. मग त्याला मोठं औषध म्हणून पाणी टोचायचं. गप्प झाला तर निकाल लागला, नाटक होतं. गप्प नाही झाला तर डॉक्टरांना निरोप द्यायचा, तोही सवडीनं. यातही बाजींची शिस्त होती. खरं औषध असेल तर ते पेशंटसमोर भरायचं, कुपी त्याला दाखवायची. पाणी असेल तर पाठ फिरवून भरायचं. कुणीतरी विव्हळत असायचं, बाजी माझ्याकडं बघून हलकेच मान वळवून दाखवायच्या आणि मला कळायचं. थोड्या वेळानं तो माणूस गप्प पडला की आम्ही औषधांच्या खोलीत जाऊन हसायचो. हे लिहिताना लाज वाटतेय, पण हसायचो हे खरं आहे आणि या लेखात तेवढं तरी खरं लिहायचं मी ठरवलंय.

मग बाजींची कंबर गेली. एका जाडजूड पेशंटला प्लास्टरच्या टेबलावरून उचलताना वॉर्डबॉयचा हात सुटला आणि सगळा भार त्यांच्यावर आला. आधी पट्टा, मग ऑपरेशन, मग ऑपरेशननंतरचं दुखणं, जे आधीच्या दुखण्यापेक्षा वाईट होतं. डाव्या पायातून विस्तव वाहतोय असं त्या सांगायच्या. रजा संपली तशा त्या कामावर आल्या, पहिल्यासारख्याच पटापट चालायला लागल्या, आणि आम्हाला वाटलं सुटल्या बिचाऱ्या. एकदा दुपारी त्यांच्या पांढऱ्या साडीवर मांडीपाशी तांदळाएवढा रक्ताचा ठिपका दिसला. मी तो सांगायला त्यांच्यामागून कपडे बदलायच्या खोलीत गेले. त्या स्टुलावर बसलेल्या, साडी वर घेतलेली, हातात सिरिंज. मांडी बघवत नव्हती. जागोजाग खड्डे, काळे डाग, कातडी लाकडासारखी टणक झालेली. औषध आत जात होतं आणि त्यांचे डोळे मिटत होते, आणि चेहऱ्यावर असं काही पसरत होतं की मी तिथं उभी आहे हे त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "सुनंदा, दुखतं गं. शौक नाही हा." मग म्हणाल्या, "कुणाला सांगशील?" मी म्हटलं, "नाय."

नाही सांगितलं. सहा महिने मी गप्प राहिले. पेशंटांची इंजेक्शनं अर्धी त्यांच्या मांडीत जात होती हे मला ठाऊक होतं, आणि त्यांची मात्रा वाढत चालली होती हेही दिसत होतं. एक दिवस ड्यूटीवर असतानाच त्या औषधांच्या खोलीत बेशुद्ध सापडल्या, मग मेट्रनना सगळं कळलं आणि त्यांना राजीनामा द्यायला लावला. मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर त्यांची नोकरी कदाचित गेली असती, पण त्या जमिनीवर पडल्या नसत्या. माझं गप्प बसणं ही मैत्री होती की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र मी तेव्हा मनाशी पक्कं केलं, की पुन्हा कधी या बाईच्या बाबतीत डोळेझाक करायची नाही.

व्यसनमुक्ती केंद्रातून त्या बाहेर आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, भावाची मुलगी नाझनीन त्यांना आपल्याकडं घेऊन आली. ती शाळेत शिकवते, मुकुंदवाडीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. मग आमचं रोजचं येणं-जाणं सुरू झालं, आणि इनचार्ज-हाताखालची हे नातं जाऊन दोन बायकांची खरी मैत्री तिथं झाली. खिचडी-खट्टा केला की त्या नाझनीनबरोबर डबा पाठवायच्या आणि मागोमाग फोन करून "मीठ कमी आहे, कळलंय मला" असं स्वतःच सांगून टाकायच्या. नऊ वर्षं त्यांनी सुईला हात लावला नाही. पण दुखणं कुठं गेलं होतं? व्यसन सुटलं म्हणून मणका बरा होत नाही. गरम पाण्याची पिशवी, साध्या तापाच्या गोळ्या आणि दातावर दात, यावर त्यांनी नऊ वर्षं काढली. डॉक्टरही काही कमी गाठले नाहीत. मी सोबत असायचे. बाजी खोटं बोलत नसत, पहिल्याच वाक्यात सांगून टाकायच्या, "सर, मला आधी इंजेक्शनची सवय होती." ऐकणाऱ्याचं पेन तिथंच थांबायचं. एकानं तर तोंडावर सांगितलं, "बाई, गोळ्यांसाठी आला असाल तर दुसरीकडं बघा." रिक्षात बसल्यावर मी संतापानं थरथरत होते आणि बाजी हसत होत्या. "चुकलं माझंच. अगली बार बोलूंगी, सर, मैं तो पैदाइशी शरीफ हूँ, कंबर कायकू दुखती मेरेकू भी नहीं मालूम." हसता हसता त्यांनी पाय सरळ करायचा प्रयत्न केला आणि ती भुवयांमधली आठी एकदम खोल गेली.

या वर्षी उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या. आधीच खिळखिळा झालेला मणका पिचला, आणि कुशीवर वळायचं म्हटलं तरी किंकाळी बाहेर पडायला लागली. तेव्हा कुणीतरी एका वेदना-ओपीडीतल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. माणूस शांत, कमी बोलणारा. बाजींनी नेहमीप्रमाणं पहिलं वाक्य म्हटलं. याचं पेन थांबलं नाही. म्हणाला, "सवय होती हे खरं, आणि दुखतंय हेही खरं. दोन्हीवर उपचार करू. एकावर रुसून दुसरं बरं होत नाही." बाजी त्याच्याकडं बघत राहिल्या. डॉक्टरांनी सगळं रीतसर मांडून दिलं. गोळ्या ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत, औषधांचा डबा कुलपात, किल्ली माझ्याकडं. आणि रोज सकाळी अंग पुसताना, कूस बदलताना फारच दुखलं तर एक इंजेक्शन, ते माझ्याच हातानं. "तुम्ही त्यांच्या विश्वासातल्या आहात," डॉक्टर मला म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

पहिल्या सकाळी मी खरं इंजेक्शन दिलं. पाच-दहा मिनिटांत बाजींचे डोळे मिटले, ओठ सैल पडले, कपाळावरची आठी विरघळली आणि चेहऱ्यावर काहीतरी पसरलं... तेच, कपडे बदलायच्या खोलीत मी पाहिलेलं. आज मला कळतं की दुखणं थांबलेल्या माणसाचा चेहरा असाच होतो, त्यात नशेचं काही नसतं. पण तेव्हा मला फक्त ते स्टूल दिसत होतं आणि औषधांच्या खोलीतली फरशी दिसत होती. नऊ वर्षांची कमाई माझ्या हातानं जाणार, असंच मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी येताना मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटरच्या कुप्यांचं खोकं घेऊन आले. बाजी भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या, मान वळवून त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी खिडकीकडं वळले, पाठ फिरवली आणि सिरिंज भरली.

दहा मिनिटांनी विचारलं, "कसं वाटतंय बाजी?" "आराम पडला," त्या म्हणाल्या. मग मी आणि नाझनीननं त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली. त्यांनी चादरीचा कोपरा मुठीत धरला होता, पण तोंडातून आवाज काढला नाही. असं नऊ दिवस चाललं. रोज मी पाठ फिरवायची, रोज विचारायची, रोज त्या "आराम पडला" म्हणायच्या. आणि मी काय मूर्ख बाई! तीस वर्षांच्या नोकरीनंतर मला वाटत होतं की मी बाजींना वाचवलं. इतकंच नाही, दुखणं अर्धं मनाचंच होतं असंही मी नाझनीनला सांगून मोकळी झाले. ती बिचारी काय बोलणार, ती म्हणाली, "आप सिस्टर हैं खाला, आपकू ज्यादा मालूम." सातव्या-आठव्या दिवशी बाजींचं खाणं तुटलं होतं, तेही मी वयावर ढकललं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांना हे सगळं सांगायला मी स्वतः गेले, अगदी मार्क मिळवायला गेल्यासारखी. म्हटलं, "सर, पाण्यावरच भागतंय." त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण चेहरा पांढराफटक पडला. "पाण्यानं बरं वाटलं म्हणजे दुखणं खोटं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी काय सांगणार? जिनं शिकवलं ती मुकुंदवाडीत चादरीचा कोपरा धरून पडलेली होती. मग त्यांनी विचारलं, "आणि ज्या बाईनं आयुष्यभर इंजेक्शनं दिली, तिला कळलं नसेल असं खरंच वाटतं तुम्हाला?" तिथून घरापर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की रिक्षावाल्याला दोनदा चुकीची गल्ली सांगितली.

बाजींच्या खाटेशी बसले. डब्यातून खरी कुपी काढली, त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, त्यांच्यासमोर भरली. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या. "आज पाठ नाही फिरवलीस," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाजी, तुमाला ठाऊक व्हतं?" इतक्या वर्षांनी माझी कन्नडची बोली अशी बाहेर पडली. "हौ. पाठ फिरवलीस तेव्हाच. आणि पाणी झोंबतं गं, मांडीत विंचू चावल्यासारखं. औषधानं आधी तोंडाला कोरड पडते, मग कान गरम होतात. मेरेकू नहीं पहचान होगी तो किसकू होगी?" मी विचारलं, मग बोलला का नाहीत, नऊ दिवस का सोसलं. त्या म्हणाल्या, "बोलले असते तर काय झालं असतं? औषध मागितलं असतं मी. आणि मी मागितलं की तू म्हणाली असतीस, बघा, आली जुनी सवय वर. ओरडले असते तर नाटक. गप्प राहिले तर निदान तुझी बाजी शहाणी... तिसरा रस्ता होता का माझ्याकडं, सांग?" मी त्यांचा हात धरून नुसती रडत होते. "आणि तू खूश व्हायचीस गं," त्या म्हणाल्या. "मी आराम पडला म्हटलं की तुझं तोंड असं उजळायचं... वाटायचं, राहू दे."

मी सुई दिली. औषध चढायला लागलं तशा त्या हळूहळू बोलायला लागल्या. "मला राग नाही आला तुझा. वेळच नव्हता. मी एकेकाला आठवत पडले होते. ज्यांना पाणी दिलं ते." मग त्यांनी मला एका माणसाची गोष्ट सांगितली. कन्नडकडचा, साखर कारखान्यावरचा, ट्रॉलीखाली पाय आलेला. तोंडाला दारूचा वास. प्लास्टर घालून वॉर्डात आणला आणि दुपारपासून त्यानं ओरडायला सुरुवात केली, पाय फुटतोय, पाय फुटतोय म्हणून. बाजींनी पाणी द्यायला सांगितलं. दिलं. थोड्या वेळानं तो गप्प झाला. बाजी ड्यूटी संपवून निघताना त्याच्या खाटेशी थांबल्या, तर म्हणाला, "बरं हाय बाई आता." पाय सुजल्यानं प्लास्टर आतून घट्ट झालं होतं. दुसऱ्या सकाळी पायाची बोटं निळी पडलेली, आणि मग गुडघ्याखालून पाय काढावा लागला. अपघातच तसा होता, पाय वाचलाच नसता, असं सगळे म्हणाले, आणि बाजींनीही तेच धरून ठेवलं. "तो 'बरं हाय' असं का म्हणाला, ते मला आत्ता कळलं सुनंदा. त्यानं बघितलं असेल आमच्या तोंडाकडं. ह्या बायकांना सांगून काही उपयोग नाही, एवढं त्याला समजलं असेल. भाऊराव होतं त्याचं नाव. पाच दिवस नाव आठवत नव्हतं, सहाव्या दिवशी आठवलं."

मी विचारलं, "पाणी कुणी दिलं होतं त्याला?" त्यांचे डोळे मिटत आले होते. "तूच," त्या म्हणाल्या.

मला आठवत नाही. मी फार प्रयत्न केला, अजून करते. त्या वॉर्डातल्या खाटा आठवतात, खिडक्यांच्या जाळ्या आठवतात, कुठल्या नळाला पाणी यायचं नाही तेही आठवतं, पण तो माणूस आठवत नाही. कन्नडचा म्हणजे माझ्याच गावाकडचा, माझ्यासारखंच बोलणारा. आता माहेरी गेले की बाजाराच्या दिवशी कुबडी घेतलेला एखादा म्हातारा दिसला तर मी त्याच्या मागून चार पावलं जाते आणि थांबते. काय म्हणून हाक मारू? आणि त्यानं वळून बघितलं तर माझं तोंड त्याला आठवेल का? साखरपुड्याला गेले त्या दिवशीही असा एक दिसला होता.

त्यानंतर बाजी साडेचार महिने जगल्या, आणि त्यातलं एकही इंजेक्शन मी पाठ फिरवून भरलं नाही. ज्याची मला भीती होती ते काहीच घडलं नाही. मात्रा वाढली नाही, त्यांनी कधी जास्त मागितलं नाही, उलट दोन महिन्यांनी डॉक्टरांनी इंजेक्शन बंद करून नुसत्या गोळ्यांवर आणलं आणि त्यांना बसवून खिडकीपाशी नेता यायला लागलं. दुखणं थांबलेली बाई काय काय करते हे मी तेव्हा बघितलं. नाझनीनच्या वह्या तपासायला घ्यायच्या आणि तिच्यापेक्षा कडक मार्क द्यायच्या, भाजीवालीशी खिडकीतून हुज्जत घालायच्या, मला "धरतेच हाय की" म्हणून हाक मारायच्या. शेवटी न्यूमोनिया झाला, दोन दिवसांत सगळं आटोपलं, आणि त्याच दोन दिवसांत मी नाझनीनकडं किल्ली देऊन साखरपुड्याला गेले होते. साधा खोकलाय म्हणाल्या होत्या. मी विश्वास ठेवून गेले, कारण तेव्हा मला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता... हे बरोबर केलं की चूक, ते आता कुणाला विचारू?

परवा बाजींचा चाळिसावा दिवस झाला. नाझनीन म्हणाली, खाला, औषधं तुम्हीच आवरा, मला त्यातलं कळत नाही. दुपारी गेले. खोलीत खाट तशीच होती, चादर मात्र नवी. उरलेल्या गोळ्या मोजून पाकिटात घातल्या, त्या ओपीडीत परत द्यायच्या आहेत. मग कपाटाच्या मागच्या बाजूला ते खोकं सापडलं. त्यात पाण्याची एक कुपी शिल्लक होती. मी ती हातात घेऊन खाटेच्या कडेला बसले. तीस वर्षांत मी हे पाणी किती जणांच्या अंगात घातलं असेल त्याचा हिशोब नाही, पण ते कसं लागतं हे मला माहीत नव्हतं. मी कुपीची मान मोडली, नवी सिरिंज फोडली, समोर धरून भरली, आणि साडी वर करून आपल्याच मांडीत दिलं.

पहिले दोन-तीन क्षण काही नाही. मग ते पेटलं. विंचू म्हणाल्या होत्या त्या, कमीच म्हणाल्या होत्या. मी दोन्ही हातांनी खाटेची पट्टी धरली आणि ते ओसरायची वाट बघत बसले, आणि बाजी या जागेवर हे होत असताना माझ्याकडं बघून काय म्हणायच्या ते मला त्याच आवाजात ऐकू यायला लागलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते झोंबल्यामुळं की दुसऱ्या कशामुळं, मला सांगता यायचं नाही. तेवढ्यात नाझनीन चहा घेऊन आत आली. मी घाईघाईनं साडी सारखी केली. ती दारातच थांबली आणि माझ्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं, "खाला, क्या हुआ? कुछ दुख रहा क्या?"

"नाही गं," मी म्हटलं, "काही नाही."

तिचा लगेच विश्वास बसला.